मागच्या सीटखाली

टेपताईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कारखान्यात कुणी उरलं नव्हतं. हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं की पडद्यावर तेवढं ते नाव उमटायचं, आणि तीही क्षणभर परक्यासारखी त्याच्याकडे बघायची. बाकी शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची ती टेपताईच. आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं तिनं वायरींवर टेप गुंडाळण्यात घालवली होती, तेव्हा नाव चिकटणारच.

कारखाना मोटारींच्या वायरिंगचा. गाडीच्या अंगभर ज्या वायरी पसरलेल्या असतात त्या सुट्या सुट्या बसवत नाहीत. आधी त्यांची एक लांबलचक वेणी घालतात, जागोजागी फांद्या फुटलेली, आणि मग ती वेणी अख्खीच्या अख्खी गाडीत अंथरतात. तिला हार्नेस म्हणतात. एवढी यंत्रं आली तरी ही वेणी अजून माणसाच्या हातांनीच घालावी लागते, कारण वायर लवलवते आणि यंत्राच्या चिमट्यात नीट राहत नाही. एका लांब खोलीत उतरते फळे मांडलेले. फळ्यावर खुंट्या, खुंट्यांमधून लाल, निळ्या, पिवळ्या, तपकिरी वायरी, आणि प्रत्येक फळ्यासमोर एक बाई. टेपताईचा फळा खिडकीजवळचा. ती एका हातानं वायरी एकत्र आवळायची आणि दुसऱ्या हातानं काळी टेप अशी फिरवायची की बघणाऱ्याला फक्त सर्रसर्र आवाज ऐकू यावा. शेवटच्या वेढ्याला तिची एक लकब होती. टेप तोडून टोक आत दुमडायचं, अंगठ्यानं दाबायचं आणि अंगठा उचलताना किंचित उजवीकडे वळवायचा. नवे सुपरवायझर आले की याला हरकत घ्यायचे, म्हणायचे, हे कागदावर नाही. चार दिवसांनी गप्प बसायचे.

तयार हार्नेस खोक्यात भरून मागच्या दारानं जायचे. ते पुढे कुठं जातात हे टेपताईला माहीत होतं, म्हणजे ऐकून माहीत होतं. गेली काही वर्षं तिची लाइन हायब्रिड गाड्यांसाठी काम करत होती. पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही, अशी ती गाडी. टेपताई मात्र रोज बसनं यायची आणि बसनं जायची. असल्या गाडीत ती कधी बसली नव्हती, आणि आपण बांधलेलं गाडीत कसं दिसतं हेही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून कपडे शिवायचा, उसवलेले दुरुस्त करायचा. तो तिला चिडवायचा. म्हणायचा, मी शिवलेला शर्ट निदान रस्त्यानं समोरून येताना दिसतो, कॉलर बरी बसलीय का बघून घेतो. तुझं काम कुणाच्या अंगावर चढतं देव जाणे. टेपताई म्हणायची, दिसत नाही तेच बरं, दिसलं असतं तर तुमच्यासारखं रस्त्यात थांबून लोकांची मापं काढत बसले असते.

तर असं सगळं बिनबोभाट चाललेलं असताना एका दुकानाच्या आवारात उभी असलेली गाडी पेटली.

गाडीतलं जोडपं नुकतंच उतरलं होतं. बाळाला पट्ट्यातून सोडवताना आईला जळका वास आला, तिनं बाळ उचललं आणि ती मागं सरली, तोवर मागच्या सीटच्या फटीतून धूर निघाला. कुणाला इजा झाली नाही. पण फोटो सगळीकडे झळकले, आणि फोटोतल्या कोळशावरूनसुद्धा कारखान्यातल्या बायांनी गाडी ओळखली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका शहरातून तशीच बातमी आली. लाइनवरचं बोलणं बंद झालं. टेपचा सर्रसर्र आवाज तेवढा उरला.

मग एका सकाळी इंजिनियरबाईंनी लाइनवरच्या सगळ्या बायांना प्रयोगशाळेत बोलावलं. या बाई वयानं टेपताईच्या धाकट्या बहिणीएवढ्या. उंच, सडपातळ, बोलायला मोजक्या. चष्मा डोक्यावर सरकवायची आणि मग तोच शोधत फिरायची सवय. आता हे कुणाच्या तरी गळ्यात मारणार, असं पुटपुटत बाया निघाल्या.

टेबलावर पांढऱ्या कापडावर जळलेल्या गाडीतून काढलेला हार्नेस ठेवला होता. अर्धा कोळसा झालेला, अर्धा शाबूत. इंजिनियरबाई म्हणाल्या की मी कुणाला पकडायला बोलावलेलं नाही, तुमच्या हातातलं काम आहे, तुम्ही बघायला हवं म्हणून बोलावलंय. बाया एकेक करून पुढं झाल्या, मान हलवून मागं आल्या. टेपताई पुढं झाली आणि तिथंच थबकली. शाबूत अर्ध्या भागावर, फांदी फुटते तिथं, टेपचं टोक आत दुमडलेलं होतं आणि त्यावर अंगठ्याचा दाब उजवीकडे वळला होता.

ती गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. पण ती म्हणाली, "मॅडम, हे माझं आहे."

"कशावरून?"

टेपताईनं आपला अंगठा हवेत दाबून वळवून दाखवला. इंजिनियरबाईंनी दिवा जवळ ओढला, चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि बराच वेळ त्या ठशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ताई, हात तुमचा आहे म्हणजे चूक तुमची आहे असं होत नाही. मला अजून काहीच माहीत नाही. कळलं की तुम्हाला आधी सांगेन."

त्या दिवशी टेपताई घरी आली ती थेट खाटेवर जाऊन बसली. पायातलं काढायचंही भान नव्हतं. नवऱ्यानं आधी नेहमीप्रमाणे काहीतरी चेष्टा केली, मग तिचा चेहरा बघून मशीन बंद केलं. तिनं सगळं सांगितलं. सांगताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तिच्या तोंडी येत होती, की बाळ पट्ट्यात होतं. हार्नेस जळला यापेक्षा, आपण खिडकीजवळ उभं राहून, गाणं गुणगुणत, बांधलेल्या वस्तूच्या वर एक बाळ बसलं होतं, याच गोष्टीनं तिचा जीव थरारला होता. नवरा म्हणाला की उसवलेला प्रत्येक सदरा शिंप्याच्या चुकीनं उसवत नाही, कधी कधी आतला माणूस वाढलेला असतो. ती हसली नाही. तो तिच्याशेजारी बसून राहिला. गिऱ्हाईक येऊन दार वाजवून गेलं, तरी उठला नाही.

प्रयोगशाळेत शोध सुरू झाला. इंजिनियरबाईंनी गाडीची मागची सीट आणून एका चौकटीवर बसवली, तिच्याखाली नवा हार्नेस जसा गाडीत असतो तसा अंथरला आणि सीटवर वाळूनं भरलेलं एक धूड यंत्रानं उठबस करत ठेवलं. उठायचं, बसायचं, उठायचं, बसायचं. दिवस दिवस हेच. बायांनी त्या धुडाचं नाव जावईबापू ठेवलं. येता-जाता काचेतून बघायच्या आणि विचारायच्या, जावईबापूंचं बसून झालं का? भीती होतीच, पण हसल्याशिवाय हात चालत नाहीत.

जावईबापूंचं बसून झालं तेव्हा इंजिनियरबाईंनी सीट उचलली आणि शब्द पाळला. टेपताईला सगळ्यांच्या आधी आत बोलावून घेतलं. बॅटरीकडून येणारी जाड नारिंगी केबल टेपताईच्या काळ्या वेणीला बिलगून जात होती, आणि सीटच्या बरोबर खाली एका जोडात शिरत होती. बाईंनी आपला तळहात सीटच्या तळातल्या लोखंडी सळईवर टेकवून दाबला. सळई केसभर वाकली आणि केबलला टेकली. केबलनं जोडाला केसभर ओढलं. एवढंच. हात काढला की सगळं पूर्ववत. पण माणूस बसला की ओढ, माणूस बसला की ओढ, असं होत होत जोड आतून सैल पडत होता, आणि सैल जोडातून करंट जाताना तो तापत होता.

"रिकाम्या गाडीत हे कधीच झालं नसतं," इंजिनियरबाई म्हणाल्या. "नकाशा काढताना आम्ही रिकाम्या सीटखालची जागा मोजली. बसलेल्या माणसाखालची मोजली नाही. तुमच्या टेपचा यात काही दोष नाही, ताई."

टेपताईचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं फार वेळ राहिला नाही. बसमधून घरी जाताना तिच्या मनात आलं, जावईबापू म्हणजे वाळू. खऱ्या गाड्यांमध्ये कोण कोण बसलं असेल? शाळेतून आलेली, दवाखान्यात निघालेली, भांडून गप्प झालेली, खांद्यावर मान टाकून झोपलेली. त्या प्रत्येकाच्या बसण्यानं ती केबल केसभर हलली असेल. समोरच्या सीटची दांडी तिनं घट्ट धरली.

गाड्या परत बोलवायच्या ठरल्या. याला रिकॉल म्हणतात. विकून झालेली, लोकांच्या दारात उभी असलेली गाडी कंपनी आपणहून बोलावून घेते आणि दोष फुकट काढून देते. टेपताईनं हा शब्द ऐकला होता, पण त्याचा पसारा तिला आता कळला. त्या सीटची, त्या जोडाची गाडी जिथं जिथं गेली असेल तिथं तिथं निरोप पोचवायचा होता. काहींचे मालक बदललेले, काहींचे पत्ते, काहींचे देशसुद्धा. एवढी सगळी माणसं एका केसभर वाकणाऱ्या सळईसाठी शोधायची. टेपताईला वाटायचं की मोठी माणसं चूक झाली की झाकतात. इथं तर चूक दवंडी पिटून सांगत होते.

दुरुस्ती अशी होती, की जोड बदलायचा, केबल सळईपासून दूर नव्या वाटेनं न्यायची आणि त्यासाठी जुनी टेप सोडवून वेणी पुन्हा बांधायची. हे गाडीच्या आत, वाकून, अडचणीत करायचं होतं. मेकॅनिक लोक जोड बदलत, पण टेप त्यांच्या हातून गोळा होऊन बसे. म्हणून कारखान्यातल्या काही बाया निरनिराळ्या सर्व्हिस सेंटरांत पाठवल्या. शहराच्या टोकाच्या सेंटरात टेपताई गेली. सोबत इंजिनियरबाई.

पहिली गाडी आत घेतली. मेकॅनिकनं मागची सीट काढून बाजूला ठेवली, कोपरापर्यंत रबरी मोजे चढवले आणि बॅटरीचा एक खटका उपसून खिशात टाकला. मग तो हात बांधून उभा राहिला. सगळेच उभे राहिले. टेपताईनं विचारलं की आता कशाची वाट बघायची. इंजिनियरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "खटका काढला तरी आत थोडा करंट साठून राहतो. तो आपोआप विरू द्यायचा. घाई केली तर तो माणसाला सोडत नाही."

गाडीतून काहीही आवाज येत नव्हता. काही दिसत नव्हतं, वास नव्हता. तरी सगळे असे उभे होते, जसं आत कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही. टेपताईनं इतकी वर्षं वायरी हाताळल्या होत्या, पण त्या मुक्या वायरी. जिवंत वायरीसमोर ती पहिल्यांदा उभी होती. मेकॅनिकनं मीटर लावलं, शून्य आलं, त्यानं मान हलवली. मग ती वाकली.

आणि तिनं आपली वेणी पाहिली.

फळ्यावर ती ओळखीची होती, इथं नव्हती. काळी, नीटस, ती गाडीच्या पोटातून मागून पुढं गेली होती, वाटेत इकडं तिकडं फांद्या सोडत, आणि प्रत्येक फांदी कुठल्या तरी अंधाऱ्या फटीत शिरत होती. इंजिनियरबाईंनी टॉर्चच्या उजेडात एकेक फांदी दाखवली. ही मागच्या दिव्याला. ही दाराच्या कुलपाला, पोरानं चालू गाडीत दार उघडू नये म्हणून. ही पट्ट्याला. मग उजेड एका बारीक पिवळ्या जोडीवर थांबला.

"ही एअरबॅगची. टक्कर झाली तर हिच्यातून एकदाच निरोप जातो. डोळ्याची पापणी मिटायच्या आत."

टेपताईसाठी पिवळी म्हणजे पिवळी होती. खुंटीच्या डाव्या बाजूनं घ्यायची, निळीच्या खाली दाबायची. हिच्यातून एकदाच निरोप जातो, आणि तो गेला तर माणूस वाचतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंही विचारलं नव्हतं. ती वाकलेलीच राहिली. मेकॅनिकला वाटलं ताईंची कंबर धरली. त्यानं विचारलं, तर ती नुसती हात हलवून नाही म्हणाली.

काम सुरू झालं तशी हातांना गती आली, पण मनाला आली नाही. सीट उचलली की खाली जे सापडायचं त्यानंच ती थबकायची. मागच्या सीटखाली सगळं जग सांडलेलं असतं. मोत्याचं एकटं कानातलं. बिस्किटांचा भुगा. दवाखान्यात नवजात बाळाच्या मनगटाला बांधतात ती पट्टी. लहान मुलाचा एक मोजा, खडू, कुत्र्याचे केस, पत्त्यांतली इस्पिकची राणी. एकदा एक दुधाचा दात निघाला, कागदात गुंडाळलेला. टेपताई हे सगळं एका डब्यात काढायची आणि काम झालं की मालकाच्या हातात द्यायची. मोजा बघून एक धिप्पाड गृहस्थ तिथंच उभ्या उभ्या रडू लागला. का, ते तिनं विचारलं नाही.

दुरुस्त झालेली गाडी मेकॅनिक बाहेर काढायचा तेव्हा ती बॅटरीवर निघायची, बिनआवाज. पहिल्यांदा टेपताई तिच्याच वाटेत उभी होती आणि गाडी चालू आहे हे तिला कळलंच नाही. मागून हलकेच हॉर्न वाजला तेव्हा ती उडालीच. मेकॅनिक हसून म्हणाला की हिच्यापुढं मांजरसुद्धा फसतं.

असं चाललेलं असताना एका दुपारी नर्सबाई आल्या.

टेपताई त्या वेळी पुढच्या दालनात चहा घेत बसली होती. नर्सबाई काउंटरवरच्या माणसाशी तावातावानं बोलत होत्या. त्या घरोघर जाऊन रुग्ण बघणाऱ्या, वेळ नावाचा पदार्थ त्यांच्याकडे नव्हता. निरोप कैकदा आले होते, पण त्यांना ती जाहिरात वाटली होती. आज रस्त्यात सेंटर दिसलं म्हणून वळल्या, तर समोर ही रांग. काउंटरवरचा माणूस त्यांना पुढच्या आठवड्यातली तारीख देत होता आणि त्या ती घेऊन निघाल्याही होत्या. जाता जाता म्हणाल्या की आमची गाडी ठणठणीत आहे, उलट माझ्या बाबांना तर ती फारच आवडते, मागची सीट छान गरम राहते म्हणतात, कंबर शेकून निघते.

टेपताई कप घेऊनच उठली. "कुठली सीट?" तिनं विचारलं.

"मागची. का हो?"

"बाबा कुठं आहेत?"

"गाडीतच आहेत. त्यांना उतरायचा कंटाळा."

टेपताईनं कप तसाच बाकावर ठेवला आणि ती धावली. तिच्या वयाची बाई त्या फरशीवर धावताना कुणी पाहिली नव्हती. इंजिनियरबाई एका गाडीत वाकल्या होत्या. टेपताईनं धापा टाकत एवढंच सांगितलं, की बाहेरच्या गाडीत सीट गरम लागते आणि वर आजोबा बसलेत. बाईंनी पुढं काही विचारलं नाही. हातातलं टाकून त्या निघाल्या.

आजोबा मागच्या सीटवर ऐसपैस रेलले होते, डोळे मिटून. गाडी बंद नव्हती. त्यांना गारवा हवा म्हणून लेकीनं ती चालू ठेवली होती. इंजिनियरबाईंनी आधी हात घालून गाडी बंद केली. मग आवाज जराही न चढवता म्हणाल्या की आजोबा, खाली उतरता का, मला तुमची सीट बघायची आहे.

"बघा की," आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "मी बसलोय त्याच्या बाजूनं बघा."

लेक काही बोलणार तेवढ्यात टेपताई दाराशी वाकली. तिनं त्यांच्या हाताखाली आपला हात सरकवला आणि म्हणाली की आत चहा केलाय, आणि तो तुमच्या गाडीपेक्षा गरम आहे. आजोबांनी एक डोळा उघडला, तिच्याकडे पाहिलं, विचार केला आणि उतरले.

इंजिनियरबाईंनी सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं. खटका उपसला. मग ते थांबणं आलं, पण या वेळी ते फार लांबलं असं टेपताईला वाटलं. मीटरवर शून्य आल्यावर मेकॅनिकनं सीट उचलली. आतून कढत प्लॅस्टिकचा गोडसर, घशाशी येणारा वास आला.

जोडाचं नारिंगी टरफल वितळून एका अंगाला ओघळलं होतं. आतला धातू निळा-काळा पडला होता. सीटच्या तळाला दाबलेल्या लोकरीचा जो जाड थर असतो त्यावर तळहाताएवढा डाग होता, कडेला तपकिरी, मध्ये काळा, आणि मधोमध तो इतका पातळ झाला होता की मेकॅनिकनं बोट लावताच त्याची राख झाली. बरोबर त्याच्या वर, दोन बोटांच्या अंतरावर, आजोबांची कंबर शेकत होती.

आतल्या गाड्यांवरचे मेकॅनिक आले, रांगेतले दोघे-तिघे मालक आले, काउंटरवरचा माणूस आला. सगळे त्या डागाभोवती उभे. टेपताईनं जळलेली गाडी फोटोत पाहिली होती, जळलेला हार्नेस टेबलावर पाहिला होता. पण इथं काहीही झालेलं नव्हतं, आणि तेच बघून तिच्या अंगावर काटा आला. जे व्हायचं होतं ते अर्ध्या वाटेवर थांबलं होतं, आणि ते असं डोळ्यांनी दिसत होतं.

नर्सबाई एका उलट्या खोक्यावर बसल्या. "मी या सीटवर अडलेल्या बायका झोपवून नेल्या आहेत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अजून किती वेळ टिकला असता?"

"ते मला सांगता येणार नाही," इंजिनियरबाई म्हणाल्या. "आज इथं येईपर्यंत टिकला, एवढंच सांगता येतं."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण शून्य दाखवून झालेलं मीटर त्यांनी पुन्हा एकदा लावलं हे टेपताईनं पाहिलं. इतक्या शिकलेल्या, इतक्या हुशार बाई. जावईबापूंना बसवून ज्यांनी हे आधीच पाहिलं होतं, ज्यांनी देशभर निरोप धाडले होते, त्यासुद्धा त्या डागासमोर तिच्यासारख्याच उभ्या होत्या. टेपताईनं त्यांच्या दंडाला हात लावला.

त्या गाडीला तिथून हलवलं नाही. नवा हार्नेस मागवला, अख्खा बसवला. तो बांधायचं काम टेपताईनं मागून घेतलं. नेहमी ज्या कामाला तिला गाण्याच्या दोन ओळीही पुरायच्या, तेच तिनं श्वास रोखून केलं. दरवेळी सळईवर तळहात दाबून बघायची, केबल लांब आहे ना. पुन्हा दाबायची.

आजोबा तोवर आत चहा पिऊन, काउंटरवरच्या माणसाला आपल्या तरुणपणच्या तीन गोष्टी सांगून बाहेर आले होते. लेकीनं त्यांना डाग दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, वाकून पाहिला, मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"म्हणजे आता सीट गरम होणार नाही," ते म्हणाले.

"नाही आजोबा," टेपताई म्हणाली.

"मग माझ्या कमरेचं काय?"

नर्सबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी बाबांच्या छातीवर डोकं टेकवलं. आजोबा गोंधळले. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात फिरवला आणि टेपताईकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, हिला काय झालं?

घरी आल्यावर टेपताईनं नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो शर्टाला काज करत होता. त्यानं सुई खाली ठेवली. ती म्हणाली, "अहो, आपल्याला कळत नाही, माणसं कशाकशावर विसंबून असतात. कुणाकुणाच्या हातावर." तो चेष्टा करेल असं तिला वाटलं होतं. त्यानं केली नाही. तिचे हात आपल्या हातात घेऊन तो ते उलटसुलट बघत राहिला, जणू ते आज कुणीतरी नवीन आणून दिले होते.

रिकॉलचं काम पुढं कितीतरी महिने चाललं. हळूहळू रांग ओसरली, बाया कारखान्यात परतल्या. टेपताईनं इंजिनियरबाईंकडे एक मागणी केली आणि बाईंनी ती वर भांडून मान्य करून आणली. कारखान्याच्या दारातच एक जुनी गाडी मध्यातून कापून ठेवली, सीट उचललेली, वेणी उघडी. नव्यानं लागलेल्या मुलींना फळ्यासमोर उभं करण्याआधी टेपताई तिथं नेते. पिवळी जोडी दाखवते, कशासाठी आहे ते सांगते आणि मग त्यांचे चेहरे बघते. काही मुली जांभया देतात. एखादी मात्र वाकते आणि लवकर सरळ होत नाही.

सगळ्या गाड्या काही परत आल्या नाहीत. काही भंगारात गेल्या, काहींचे मालक सापडले नाहीत. त्याची टेपताईला फार टोचणी. परवा बस सिग्नलला उभी होती. खिडकीखाली त्याच बनावटीची एक गाडी, मागच्या सीटवर आजी आणि नात एकमेकींवर कलंडून झोपलेल्या. टेपताईनं कंडक्टरला हात केला, उतरली आणि गाडीच्या काचेवर टकटक केली. चालवणाऱ्या तरुणानं काच खाली घेतली. तिनं विचारलं की दादा, तुमच्या गाडीचं रिकॉलचं काम झालंय का?

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला की झालंय, कधीच झालंय, बायांनी केलं, फार छान केलं.

सिग्नल हिरवा झाला. गाडी आवाज न करता पुढं सरकली. मागच्या सीटवरच्या दोघी जाग्या झाल्या नाहीत. टेपताई भर रस्त्यात उभी, मागून हॉर्न वाजताहेत, तिची बस केव्हाच निघून गेली होती.